जमिनीवरचा गट झाकून वाचा

मज्जारज्जूला अपुरी इजा झालेल्या रुग्णाला हार्नेसने उचलून धरत ट्रेडमिलवर चालवायचं. ब्रूस डॉबकिन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली या उपचाराची चाचणी प्रसिद्ध केली. 146 रुग्ण, इजेनंतर आठ आठवड्यांच्या आत घेतलेले. एका गटाला 12 आठवडे ट्रेडमिल, दुसऱ्याला तेवढाच वेळ जमिनीवर सराव. सहा महिन्यांनी चालण्यात फरक नाही. पायांत थोडी हालचाल उरलेले बहुतेक जण दोन्हीकडे चालू लागले.

आता जमिनीवरचा गट झाकून वाचा. ट्रेडमिल चमत्कारच वाटेल!

मला खटकतं ते वेगळंच. सराव न मिळालेला गट इथे नाही (ठेवणं नैतिकही नसतं म्हणा). त्यामुळे सुधारणेत सरावाचा वाटा किती आणि आपसूक भरून येण्याचा किती, हे यातून कळत नाही. ‘ट्रेडमिल निरुपयोगी’ असं तर ही चाचणी मुळीच म्हणत नाही.