विद्राव्यतेची वाढ व शोषणाचा पुरावा

गोळी पोटात गेली म्हणजे औषध रक्तात पोहोचले, असे नव्हे. १९९५ साली गॉर्डन अमिडॉन व सहकाऱ्यांनी मांडलेल्या वर्गीकरणातील दुसऱ्या वर्गाची औषधे आतड्याचे आवरण सहज ओलांडतात. अडचण असते ती पाण्यात विरघळण्याची. कणांचा आकार घटविणे, सायक्लोडेक्स्ट्रिनशी संयोग, पॉलिमरमध्ये अस्फटिक विखुरण हे त्यावरील रूढ उपाय होत. मात्र या विषयावरील अनेक शोधनिबंध ताज्या नमुन्याच्या विद्रावण-आलेखापाशीच थांबतात.

ही अपूर्णता किती महाग पडते, हे रिटोनाविर या एचआयव्हीविरोधी औषधाने दाखविले. १९९६ साली त्याच्या कॅप्सूल बाजारात आल्या. १९९८ मध्ये अधिक स्थिर, परंतु कमी विद्राव्य असे दुसरे स्फटिकरूप प्रकटले. कॅप्सूल विद्रावण चाचणीत अनुत्तीर्ण ठरल्या व पुरवठा खंडित झाला. अस्फटिक विखुरणावर आधारित गोळी अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झाली. रेणू तोच होता. बदलले ते त्याचे रूप.

येथे दोष विद्रावण चाचणीचा नव्हे. बिघाड तिनेच उघड केला. दोष आहे तो एका चाचणीवरून अंतिम निष्कर्ष काढण्याचा. अस्फटिक रूप अधिक ऊर्जेचे असल्याने उष्णता व आर्द्रतेत ते पुन्हा स्फटिक होऊ शकते. विरघळलेले औषध आतड्यात पुन्हा साक्याच्या रूपाने वेगळे होऊ शकते. म्हणून ४० अंश सेल्सिअस व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवलेल्या नमुन्याची पुनर्तपासणी आणि रक्तातील प्रमाणाचे मापन यांवाचून 'शोषण सुधारले' हे विधान ग्राह्य मानता येत नाही.