विकला न जाणारा वाडा : 'वाडा चिरेबंदी'च्या समीक्षेतील एक अलक्षित प्रश्न

प्रस्तावना

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकाविषयी मराठी नाट्यसमीक्षेत विपुल लेखन झाले आहे. १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगभूमीवर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांच्यासह त्याची नाट्यत्रयी झाली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'आविष्कार'तर्फे ही त्रयी सलग सादर केली. या सर्व प्रवासात समीक्षकांनी वाड्याकडे प्रामुख्याने प्रतीक म्हणून पाहिले. सरंजामी व्यवस्थेचा ऱ्हास, एकत्र कुटुंबाची पडझड, परंपरा आणि आधुनिकता यांमधील ताण ही या नाटकावरील लेखनाची रुळलेली सूत्रे आहेत. ती चुकीची नाहीत. परंतु प्रतीक म्हणून पाहिल्यामुळे वाडा ही एक मिळकत आहे, तिला मालक आहेत, वाटे आहेत आणि बाजारात तिची काही एक किंमत आहे अथवा नाही, हा साधा मुद्दा मागे पडला. पैशाची एवढी निकड असलेल्या कुटुंबाला हा वाडा विकून मोकळे का होता येत नाही, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रस्तुत लेखिकेचे आजोळ परभणी जिल्ह्यातील वालूर हे असल्याने मराठवाड्यातील वाड्यांचा अनुभवही या विवेचनात आला आहे.

नाटकातील विक्रेय आणि अविक्रेय

धरणगावच्या देशपांडे कुटुंबाचे प्रमुख तात्याजी निधन पावले आहेत. थोरला भास्कर आणि वहिनी वाड्यात आहेत, मुंबईचा सुधीर अंजलीसह आला आहे. चंदू घरातील कष्टाची कामे ओढतो आहे, प्रभा अविवाहित आहे. आई आहे आणि तात्याजींची वृद्ध आई दादीही आहे. तेराव्याच्या खर्चाचा प्रश्न निघाला की बोलणे अपरिहार्यपणे वाट्यांवर येते. अंगणात ट्रॅक्टर गंजत उभा आहे आणि घरात पिढीजात सोने आहे.

या वस्तूंची त्यांच्या विक्रेयतेनुसार विभागणी केली असता नाटकाची रचना निराळी दिसू लागते. सोने हलवता येते, लपवता येते, अंगावर घालता येते. वहिनी ते सारे अंगावर चढवते तो प्रसंग सर्वांच्या स्मरणात असतो. वाडा यांपैकी काहीच करू देत नाही. रंजू दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरांबरोबर पळून जाते, तेव्हा या घरातील संपत्तीचे पहिले मोठे हस्तांतरण घडून येते. ते घडवून आणते ती वाड्यात कोणताही वाटा मोजला न गेलेली मुलगी. समीक्षकांनी या घटनेला नैतिक पडझडीचे लक्षण मानले आहे. पण ज्या घरात वाटा मागण्याची सनदशीर वाट नाही, त्या घरातून वाटा असाच बाहेर पडणार, असेही या घटनेचे वाचन करता येते आणि ते मला अधिक ग्राह्य वाटते.

चेखवच्या 'चेरी ऑर्चर्ड'शी (१९०४) या नाटकाची तुलना नेहमी केली जाते. ही तुलना बहुधा वातावरणापाशी थांबते. चेखवच्या नाटकात लिलावाची तारीख ठरलेली आहे, २२ ऑगस्ट. मालमत्ता कर्जात आहे आणि कायदा ती विकून दाखवतो. ती विकत घेणारा लोपाखिन हा त्याच जमिनीवरील भूदासांच्या वंशातला आहे. ज्या घराच्या स्वयंपाकघरातही त्याच्या बापजाद्यांना पाऊल टाकता येत नव्हते, ते घर तो खरेदी करतो. धरणगावच्या वाड्याला अशी तारीख नाही. वाडा जात नाही, तो केवळ झिजतो. दोन नाटकांतील खरा भेद येथे आहे. एका ठिकाणी व्यवहार शोकांतिका घडवतो, तर दुसऱ्या ठिकाणी व्यवहाराचा अभाव.

हिश्श्यांचे गणित

हा अभाव कशातून निर्माण होतो, हे पाहण्यासाठी हिंदू वारसा कायद्याचा आधार घ्यावा लागतो. नाटकातील वाडा वडिलोपार्जित आहे असे धरून १९८५च्या कायद्यानुसार ढोबळ हिशेब करून पाहू. तात्याजींच्या मृत्यूपूर्वी क्षणभर वाटणी झाली असे कायदा मानतो. या काल्पनिक वाटणीत तात्याजी, आई आणि तीन मुलगे असे पाच हिस्से पडतात. प्रभा त्यांत नाही. तात्याजींचा जो पाचवा हिस्सा, त्याचे पुन्हा सहा वारस : आई, दादी, तीन मुलगे आणि प्रभा. म्हणजे प्रभाच्या वाट्याला संपूर्ण वाड्याचा तिसावा भाग येतो. ज्या मुलीला हुशारी असूनही वडिलांनी पुढे शिकू दिले नाही, तिला कायद्याने दिलेले हे माप आहे. शिवाय १९५६च्या कायद्यातील कलम २३ नुसार, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारसांनी ठरविल्याखेरीज स्त्री वारसाला मागता येत नव्हती. अविवाहित मुलीला तेथे राहण्याचा हक्क तेवढा होता. प्रभा वाड्यात राहू शकते, वाडा मोजू शकत नाही. एलकुंचवारांनी तिच्या कुचंबणेचे जे चित्र उभे केले आहे, त्याला कायद्याच्या या कलमाइतकी नेमकी टीप कोणी जोडलेली माझ्या वाचनात नाही.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना जन्मतः सहदायाद मानले, २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क सर्व मुलींना दिला आणि कलम २३ रद्द केले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ पूर्वी निवर्तले असले तरी मुलीचा हक्क अबाधित असल्याचे स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली नसेल, तर वरील गणित आज नव्याने मांडावे लागते. काल्पनिक वाटणीत सहा हिस्से, त्यांपैकी एक प्रभाचा, आणि तात्याजींच्या सहाव्या हिश्श्याचा पुन्हा सहावा भाग. तिसावा भाग जाऊन छत्तिसांतील सात भाग होतात, म्हणजे जवळजवळ सहापट वाढ. तीन भावांइतकीच ती मालक होते.

मराठवाड्यातील वाडे विकले का जात नाहीत, याचे पहिले उत्तर येथे मिळते. विक्री म्हणजे खरेदीखत, आणि खरेदीखत म्हणजे सर्व वारसांची नावे व सह्या. बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यावे अशी अपेक्षा असते आणि पुष्कळदा त्या करूनही देतात, कारण सही मागितली तर माहेर तुटते. परंतु त्यांना सही मागायची म्हणजे त्यांचा वाटा आहे हे आधी कबूल करावे लागते, आणि या कबुलीला कुटुंब तयार नसते. तेव्हा विषय पुढे ढकलला जातो. दिवाळीत चर्चा होते, उन्हाळ्यात पुन्हा होते. एका पिढीचे सहा वारस पुढच्या पिढीत वीस होतात. वालूर येथील माझ्या आजोळच्या वाड्याच्या वारसांची यादी करायला घेतली, तेव्हा ती सतरा नावांवर थांबली आणि त्यांतील चौघांचे पत्ते कोणापाशीच नव्हते. माझ्या आईचे नाव यादीत सर्वांत शेवटी, पेन्सिलीने लिहिलेले होते.

एकट्या वारसाने आपला हिस्सा परस्पर विकावा, तर तेही फायद्याचे ठरत नाही. राहत्या घरातील अविभक्त हिस्सा परक्याने घेतला तरी १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मुळे त्याला कुटुंबाबरोबर ताबा मिळत नाही. वाटणीचा दावा लावल्यास १८९३च्या वाटणी कायद्याने इतर हिस्सेदार त्याचा हिस्सा विकत घेऊ शकतात. अशा हिश्श्याला शहाणे गिऱ्हाईक कवडीमोल किंमत सांगते. वाड्याला मालक फार आहेत आणि त्यामुळेच तो विकणारा कोणी नाही.

वाड्याची उपयुक्तता आणि 'चिरेबंदी'चा अर्थ

दुसरी बाजू गिऱ्हाइकाची आहे. वाडा हे केवळ निवासस्थान नव्हते, धान्याच्या वसुलीची आणि साठवणीची ती संस्था होती. ढेलजेत बसून हिशेब व्हायचे, बळदात आणि पेवात धान्य पडायचे, मागच्या अंगाला गुरे असायची. निजामी राज्यातील जहागिऱ्या १९४९ मध्ये संपल्या, १९५०च्या हैदराबाद कुळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांकडे जाऊ लागल्या, १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने उरलेल्यांना मर्यादा घातली. धान्य येणे थांबले, बळदे मात्र भिंतीत तशीच राहिली. ज्याला आज घर हवे आहे त्याला बळद नको असते. त्याला गाडी दारापर्यंत यायला हवी असते, आणि गावठाणातील गल्ली बैलगाडीच्या मापाची असते. म्हणून तो गावाबाहेर, रस्त्याकडेला, अकृषिक भूखंड घेतो.

तिसरे कारण साहित्याच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर गावे झोपेत असताना किल्लारीचा भूकंप झाला. माणसे मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा अवजड भार अंगावर आल्याने. मराठवाड्यातील अनेक वाड्यांची बांधणी याच जातीची आहे. बाहेरून घडीव चिरे, आत मातीत बसवलेले ओबडधोबड दगड, वर सागवानी तुळयांवर पांढऱ्या मातीचे थरावर थर. १९८५ मध्ये 'चिरेबंदी' या शब्दाचा अर्थ भक्कम असा होता आणि नाटकातील उपरोध त्या अर्थावर उभा होता : घर भक्कम, माणसे पोकळ. १९९३ नंतर मराठवाड्यातील वाचकाला तो उपरोध तसाच ऐकू येणे शक्य नाही. ज्या भिंतीने पिढ्या राखल्या, तीच रात्री अंगावर येऊ शकते, ही जाणीव त्याच्या वाचनात असते. त्रयीचा सलग प्रयोग भूकंपानंतरच्या वर्षीच झाला, हा योगायोग असला तरी तो नोंदविण्याजोगा आहे.

अशा घराला बाजारात किंमत उरते ती सुट्या भागांना. जुन्या सागवानाचे व्यापारी खांब, तुळया, कोरीव चौकटी यांचे भाव सांगतात. जागेचा भाव शेजारी सांगतो, आणि पडझडीचा मलबा हलविण्याचा खर्च त्यातून वजा करतो. सबंध वाड्याचा भाव कोणीच सांगत नाही. यात पुरलेल्या धनाची दंतकथा भर घालते. विकणाऱ्याला वाटते, भिंतीत हंडा निघाला तर? घेणाऱ्यालाही तेच वाटते. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले तरी ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, ही गोष्ट मात्र दोघांच्याही हिशेबात नसते.

लोपाखिनला मज्जाव

यापुढील कारण बोलून दाखविले जात नाही. काही वाड्यांना गिऱ्हाईक असते, पण त्याला वाडा द्यायचा नसतो. बाहेरगावी नोकरी करून, व्यापार करून हाती पैसा आलेला, ज्याच्या आजोबांना ढेलजेच्या आत प्रवेश नव्हता असा माणूस पूर्ण किमतीस तयार होतो आणि भाऊबंद अचानक एकमताने नकार देतात. वाटणीवर ज्यांचे कधी पटले नाही, त्यांचे येथे पटते. चेखवच्या नाटकात लिलावाने लोपाखिनला दार उघडून दिले. आपल्याकडे तो येऊ नये म्हणून वाडा पडू दिला जातो. वाड्याच्या ऱ्हासावर गहिवरून लिहिणाऱ्या समीक्षेने या नकाराची दखल घेतलेली नाही. ज्यांना त्या दारात उभे केले जात होते, त्यांच्या वाचनात हा ऱ्हास शोकाचा विषय असेलच असे नाही, आणि नाट्यत्रयीचे मूल्यमापन करताना हे वाचनही विचारात घेणे आवश्यक आहे.

एलकुंचवारांवर याचा दोष ठेवणे अन्यायाचे होईल. त्यांनी कुटुंबाच्या आतून पाहिले, आणि आतून जेवढे दिसते तेवढे निर्दयपणे दाखविले. दोष असेल तर तो समीक्षेचा. वाड्याला प्रतीक म्हटले की त्याचे हिस्से मोजावे लागत नाहीत, आणि न मोजण्याची ही सोय थोरल्या भावाच्या सोयीसारखीच आहे.

वालूर गावात चक्राकार पायऱ्यांची प्राचीन बारव आहे. गाळाने भरलेली ही बारव ग्रामस्थांनी श्रमदानातून मोकळी केली आणि आता ती पाहायला बाहेरून अभ्यासक येतात. तिला कोणी एक मालक नव्हता, त्यामुळे टोपले उचलायला कोणाची संमती लागली नाही. त्याच गावातील वाड्याची एक ढासळलेली भिंत सावरायची, तर सतरा जणांना विचारावे लागते.

गावठाणातील घरांच्या मालकीचा कागद हाही एक अडसर आहे. ज्या गावठाणांचे भूमापन झालेले नव्हते, तेथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाच आधार असे, आणि तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर बँक कर्ज देण्यास नाखूश असते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येत आहेत. वाड्याची बाहेरची हद्द त्यामुळे इंचाइंचाने ठरेल. मात्र आत कोणाचा किती वाटा, हे ड्रोनला दिसत नाही. चौकशीच्या वेळी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतील नाव समोर येते, आणि ते बहुधा दिवंगत वडिलांचे अथवा थोरल्या मुलाचे असते. प्रभाचे नाव त्या पत्रिकेवर यायचे असेल, तर तिला स्वतः अर्ज करावा लागेल.