‘सिव्हिलायझेशन’ खेळाचा आरंभ आणि जुन्नरची भूमि

पुस्तकांच्या परीक्षणासाठीं राखलेल्या या पानांवर संगणकावरील एका खेळाचा विचार केलेला पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल, कांहींस विषादही वाटेल. परंतु आमच्या घरांतील मुलें ज्या गोष्टीपुढें कोणत्याही ग्रंथापेक्षां अधिक तास बसतात, तिची उपेक्षा करणें टीकाकारास शोभणारें नाहीं. गेल्या दिवाळींत जुन्नरास एका स्नेह्यांकडे आम्ही चार दिवस राहिलों होतों. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा रात्रीं जेवणें आटोपलीं कीं ‘सिव्हिलायझेशन’चा सहावा भाग मांडून बसे, आणि आम्ही त्याच्यामागें खुर्ची ओढून बसत असूं. ‘आतां एकच खेळी’ असें म्हणतां म्हणतां घड्याळांत दोन वाजत.

हा खेळ सिड मायर व ब्रूस शेली यांनीं १९९१ सालीं अमेरिकेंत प्रथम सिद्ध केला. सहावा भाग २०१६ सालचा. ख्रिस्तपूर्व ४००० या वर्षीं डावास आरंभ होतो. पट षट्कोनी घरांचा असून बहुतेक सगळा झांकलेला असतो, आणि खेळणाराच्या पदरीं एक वसाहतकार व एक योद्धा एवढेंच बळ असतें. बुद्धिबळांत दोन्ही पक्षांचीं मोहरीं समोर मांडलेलीं असतात. येथें प्रतिपक्षी किती व कोठें हेंच ठाऊक नसतें, म्हणून आरंभाची प्रत्येक खेळी अर्धी शोधाची व अर्धी पैजेची होते.

पहिलें नगर गोड्या पाण्याशेजारीं वसवावें हें पहिलें सूत्र. नदीकांठच्या नगरास राहण्याच्या सोयीचे पांच अंश मिळतात, समुद्रकांठीं तीन, कोरड्या माळावर दोनच. मग हेर धाडावा, आणि लौकरच दुसरा वसाहतकार सिद्ध करावा. पण त्याच्यासाठीं नगराची वस्ती एका अंशानें घटते, आणि प्रत्येक नवा वसाहतकार मागच्याहून महाग पडतो. आहे तें घर भरावें कीं नवें थाटावें, हा प्रपंचांतला जुनाच प्रश्न येथें दर खेळीस उभा राहतो. सोबतीवांचून धाडलेला वसाहतकार वाटेंतच पकडला जातो. “काका, पन्नास खेळ्यांत तीन नगरें झालीं नाहींत, तर डाव गेलाच समजा,” असें आमच्या यजमानपुत्रानें आम्हांस बजाविलें.

ही रचना आम्हांस मनापासून आवडली. विशेषतः रस्त्यांची कल्पना मार्मिक आहे. आरंभीच्या काळीं रस्ता राजा बांधीत नाहीं. व्यापारी एका नगराहून दुसऱ्या नगरास जातो, आणि त्याच्या पावलांमागें रस्ता उमटत जातो. जुन्नरच्या माणसास हें पटवून द्यावें लागत नाहीं. शहराजवळून कुकडी वाहते, आणि पश्चिमेस खडक फोडून काढलेला नाणेघाट आहे. कोंकणांतल्या बंदरांचा माल याच वाटेनें देशावर चढे. सातवाहनांनीं आपल्या राजकुलाच्या प्रतिमा कोरविल्या त्या राजवाड्यांत नव्हे, तर या व्यापारी वाटेच्या माथ्यावरील लेण्यांत.

परंतु त्याच लेण्यांत या खेळाचा दोषही आमच्या लक्षांत आला. प्रतिमा नष्ट झाल्या. त्यांवरचीं नांवें उरलीं. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजपुत्र, आणि त्या रांगेंत एक ‘महारठी त्रणकयिरो’. बहुतेक संशोधक त्यास नागनिकेचा पिता मानतात. तें खरें असेल तर या प्रदेशांत स्वतःचें बळ असलेले पुरुष होते, आणि सातवाहनांचें राज्य वाढलें तें त्यांस पुसून नव्हे, त्यांच्याशीं सोयरीक जोडून. राजाच्या वडिलांबरोबर सासऱ्याचीही प्रतिमा कोरावी लागते, ही गोष्ट खेळाच्या कर्त्यांस सुचलेली दिसत नाहीं.

लेण्याद्रि, मानमोडी, तुळजा व शिवनेरी येथील लेण्यांचीही साक्ष तीच आहे. जुन्नरच्या शिलालेखांत धान्यविक्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची टाकी दिल्याची नोंद आहे. वेळूकाम करणारे व कांसार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची आहे. इरिल नांवाच्या यवनानें दोन टाक्या दिल्याची आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानेंही ४६ व्या वर्षीं टाकीच दिली, आणि मंडप. सत्ता पालटली तरी दान पाण्याचेंच राहिलें. खेळांत मात्र बुरूड, कांसार, वाणी कोणी स्वतःच्या मनानें कांहींच करीत नाहीं. सर्व कांहीं राजाज्ञेनें होतें.

वसाहतकाराचेंही तसेंच. खेळांत तो आज्ञा होतांच निघतो. मराठी राज्यांत ओसाड पडलेला गांव पुन्हां वसवावयाचा तर कुळांस कौल द्यावा लागे. पहिल्या वर्षीं नांवाचा सारा, मग वर्षावर्षानें चढता, असा इस्तावा ठरवावा लागे. शेतकरी नको म्हणूं शकत होता. म्हणूनच कौलास किंमत होती. शिवछत्रपतींचा जन्म १६३० सालीं शिवनेरीवर झाला, पण त्यांच्या राज्याचा आरंभ मावळांत, तोरणा-राजगडाकडे झाला. १६५७ सालीं त्यांनीं जुन्नर शहर लुटलें, तरी शिवनेरी त्यांच्या हयातींत त्यांच्या हातीं आला नाहीं. तो मराठ्यांकडे आला १७१६ सालीं, शाहूमहाराजांच्या काळांत. ज्या घरावर डाव सुरू झाला तें घर आपलेंच असतें, हा खेळाचा नियम या गडास लागू पडला नाहीं.

एवढ्यावरही आम्ही खेळास क्षमा केली असती. आमचें खरें भांडण ‘रानटी’ या शब्दाशीं आहे. ज्या घरांवर कोणाचीच दृष्टि पोंचलेली नाहीं, तेथें रानट्यांचे तळ आपोआप उगवतात. ते बोलत नाहींत, पेरीत नाहींत. फक्त लुटतात, आणि त्यांचा तळ मोडल्यास सोनें मिळतें. याशिवाय हेरास वाटेंत लहान खेडीं लागतात. त्यांत शिरलें कीं थोडें द्रव्य किंवा एखादी विद्या पदरांत पडते, आणि तें खेडें पटावरून नाहींसें होतें. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांचा पश्चिम भाग असाच ‘न दिसणारा’ आहे. तेथील महादेव कोळ्यांच्या नाईकांकडे घाटवाटांची राखण असे. तेथें आजही हिरडा वेंचला जातो, आणि एकमेकांस हात देऊन डोंगरउतारावर भातखाचरें पाडण्याची पडकईची रीत आहे. १८४८ सालीं ठाण्यास फांशी गेलेले राघोजी भांगरे याच समाजांतले. सरकारी कागदांत ते बंडखोर व दरोडेखोरच होते.

आमच्या यजमानपुत्राचा एक मित्र या समाजांतला. त्याच्या आजोबांचें घर डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. जुनें आंबेगांवही त्याच पाण्यांत आहे. तो शनिवारीं खेळावयास आला आणि त्यानें मोठ्या कौशल्यानें तीन तळ मोडले. त्यास यांत कांहीं खटकलें असें दिसलें नाहीं. खटकलें तें आम्हांस.

कर्त्यांसही पुढें हें जाणवलें असावें. २०२१ सालीं त्यांनीं या टोळ्यांशीं सलोखा करण्याची, आणि न मोडल्यास कालांतरानें त्यांचें नगरराज्य होण्याची ऐच्छिक सोय दिली. २०२५ च्या सातव्या भागांत ‘रानटी’ हा वर्गच काढून ‘स्वतंत्र सत्ता’ आणल्या. सुधारणा चांगली आहे. पण त्या सत्तांशीं मैत्री करावयाची ती अखेर त्यांस अंकित करून घेण्यासाठींच, हें आम्हांस नमूद केलें पाहिजे.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मुलानें नवा डाव मांडला आणि नदीकांठच्या पहिल्या नगरास जुन्नर हें नांव दिलें. दहाव्या-बाराव्या खेळीस त्याच्या हेरास पश्चिमेच्या डोंगरांत एक खेडें दिसलें. आमचें बोलणें त्यानें दिवसभर ऐकलें होतें. “काका, याला वळसा घालून गेलों तर?” असें त्यानें विचारलें. आम्हीं मान हलविली. हेर पुढें गेला. तिसऱ्या खेळीस दुसऱ्या एका राष्ट्राचा हेर त्या घरावर येऊन उभा राहिला, आणि खेडें नाहींसें झालें.