एकट्याचा स्वर : ‘साइन ऑफ द टाइम्स’

पाच जणांच्या संचातला एक गळा वेगळा काढला, तर त्यात त्याचे स्वतःचे असे काय उरते? हॅरी स्टाइल्सचे ‘साइन ऑफ द टाइम्स’ हे गीत ७ एप्रिल २०१७ रोजी प्रसिद्ध झाले, तेव्हा रसिकांसमोर प्रश्न होता तो हाच. ‘वन डायरेक्शन’ हा संच काही बालमित्रांनी हौसेने उभारलेला नव्हता. २०१० साली ब्रिटनमधील ‘द एक्स फॅक्टर’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत एकेकटे उतरलेले पाच युवक परीक्षकांनी एका दाव्याला बांधले. संच तिसरा आला आणि पुढील पाच वर्षांत त्याच्या पाच ध्वनिमुद्रिका निघाल्या. २०१५ च्या मार्चमध्ये झेन मलिक बाहेर पडला. उरलेल्या चौघांनी २०१६ च्या आरंभी विराम घेतला.

अशा वेळी व्यवहार सांगतो की, नाचता येईल असे तीन मिनिटांचे चटकदार गाणे द्यावे. स्टाइल्सने पाच मिनिटे एकेचाळीस सेकंदांचे संथ गीत दिले. पियानोचे मोजके स्वर, त्यावर जवळजवळ बोलल्यासारखा खालचा आवाज. मग ढोल उतरतात, आवाज पातळ होत उंच पट्टीत चढतो, मागे समूहस्वर दाटतात आणि अखेरीस गायक जवळजवळ टाहो फोडतो. १९७० च्या दशकातील ब्रिटिश रॉकचे, विशेषतः डेव्हिड बोवीचे ऋण येथे लपत नाही. ते लपवण्याचा प्रयत्नही नाही, आणि मला तो प्रामाणिकपणा वाटतो. जेफ भास्कर व इतर चौघे गीतलेखनात सोबत होते. तेव्हा ‘एकल’ हा शब्द तसा नावापुरताच. पण आवाज एकाचा आहे. संचात ओळी वाटून गाणाऱ्याला संपूर्ण गीताचा भार पेलवतो की नाही, हे येथे कळते. पेलवतो. शेवटच्या भागात त्याच्या गळ्याला जो ओरखडा पडतो, तो जुन्या गुळगुळीत ध्वनिमुद्रणांत क्वचितच आढळेल.

शब्दांचे मात्र तसे नाही. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाच्या मुलाखतीत स्टाइल्सने उलगडा केला की, हे गीत एका मातेच्या मुखातून आले आहे. प्रसूतीत गुंतागुंत झाली आहे. बाळ सुखरूप आहे, ती मात्र वाचणार नाही. नवजात जिवाला सांगायचे ते सारे तिने पाच मिनिटांत सांगायचे आहे. केवढी विलक्षण कल्पना! आणि गीताची लांबीही तिला जवळजवळ साजेशीच. पण ही माता शब्दांत कोठे आहे? ना पाळणा, ना खाट, ना बाळाचा श्वास. सुटकेची, निरोपाची, धीराची मोघम वाक्ये तेवढी कानी पडतात. मुलाखत न वाचलेल्या श्रोत्याला हे प्रेमभंगाचे गीत वाटले, तर दोष त्याचा नव्हे. अर्थ गीताबाहेर ठेवून गीत पूर्ण होत नाही. आपल्या लग्नघरी गाणाऱ्या बाया याहून अधिक नेमके बोलतात.

शीर्षकाचेही तेच. प्रिन्सची याच अर्थाची ध्वनिमुद्रिका १९८७ सालची, पण शब्दप्रयोग त्याहून कितीतरी जुना. मत्तयच्या शुभवर्तमानातील सोळाव्या अध्यायापासून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या घटनापत्रापर्यंत ‘काळाची चिन्हे’ ओळखण्याची अपेक्षा आपण ऐकत आलो आहोत. गीताने या शब्दांचे वजन घेतले. कोणत्या काळाचे कोणते चिन्ह, ते सांगितले नाही.

तरीही ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि केवळ जुन्या चाहत्यांच्या भरवशावर नव्हे, असे मला वाटते. स्कॉटलंडमधील स्काय बेटावर चित्रित झालेल्या चित्रफितीत गायक ओल्या डोंगरांवरून संथपणे वर तरंगत जातो. तेथे समूह नाही, नाच नाही. शब्द जे बोलू शकले नाहीत, ते त्या ओसाड बेटावरून दूर जाणाऱ्या देहाने थोडेफार बोलून दाखवले आहे.