अभिप्रायाचा फॉर्म: कागदी की ऑनलाइन?

नॅकनं 2017 मध्ये विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण आणलं, तेही ऑनलाइन. 20 प्रश्न पर्यायांचे, 21 वा मोकळा. त्याआधी आम्ही साताऱ्यात, पुढं सांगलीतही, तासाला कागदी फॉर्म वाटायचो. ‘नाव लिहू नका’ म्हणायचो, पण अक्षर ओळखू यायचं की! पोरांनाही ते ठाऊक. म्हणून सगळ्यांना ‘उत्तम’, मलासुद्धा. आता अक्षर गेलं, पण लिंक ज्याच्या-त्याच्या ईमेलवर येते, त्यामुळं धास्ती उरलीच. शिवाय कागद निदान हजर असलेल्या प्रत्येकाच्या हातात पडायचा. ईमेल पुष्कळजण उघडतच नाहीत. मग मत कुणाचं मोजलं? माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. 21 व्या प्रश्नाची उत्तरं वाचून ‘हे आम्ही बदललं’ असं वर्गात येऊन सांगणारा प्राध्यापक मला अजून भेटलेला नाही. कागदाच्या काळात मीही ते कधी सांगितलं नाही.