मामीच आत्या निघते तेव्हा: संशोधनासाठी कुलवृत्तांत कसा वाचावा?

घराण्याचा इतिहास किंवा आनुवंशिकता या विषयावर काम करायचं ठरवलंत, की पहिल्याच महिन्यात कुणीतरी तुमच्या हातात एक जाडजूड कुलवृत्तांत ठेवतं. "सगळं आयतं आहे, फक्त संगणकात भरायचं!" भरण्याआधी थोडं थांबा. मराठीतला हा ग्रंथप्रकार मला मनापासून आवडतो आणि म्हणूनच त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

आधी त्याचं देणं मान्य करू. शंभर वर्षांत हौशी मंडळींनी पदरमोड करून, गावोगाव पत्रं पाठवून, दप्तरं चाळून ही पुस्तकं तयार केली. मूळ गाव, घराणं, पिढी असा चोख क्रम असतो. चांगल्या कुलवृत्तांतात बायकोचं माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि गावही सापडतं. इतर अनेक कागदांत बाई "अमक्याची बायको" एवढीच उरते, तिथे ही नोंद म्हणजे सोनं आहे.

पण पुस्तकाचा सांगाडा पुरुषांचा आहे. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. मुलीची एक ओळ, जावयाचं नाव, आणि तिची मुलं दुसऱ्या आडनावाच्या पुस्तकात. तीन मुली असून मुलगा नसेल तर शाखा तिथेच खुंटते. जीवशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर कुलवृत्तांत हे वाय गुणसूत्राचं चरित्र आहे (तेसुद्धा दत्तक नसेल तर!). याउलट मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. त्याचा माग काढायचा तर दर पिढीला पुस्तक बदलावं लागतं: बायकोच्या माहेरचं, मग तिच्या आईच्या माहेरचं. तीन पिढ्या मागे जाईपर्यंत चौथं आडनाव आलेलं असतं, आणि त्या आडनावाचा कुलवृत्तांत निघालेलाच नसतो.

त्यात लग्नानंतर बदललेलं नाव. मुलगी माहेरच्या पुस्तकात एका नावाने आणि सासरच्या पुस्तकात दुसऱ्याच नावाने. ओळखीची उदाहरणं बघा. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुनाच. आणि धोंडो केशव कर्व्यांशी 1893 मध्ये पुनर्विवाह करून आनंदीबाई झालेल्या बाई मूळच्या गोदूबाई, आणि त्यांचं माहेर जोशी! म्हणजे एक आनंदीबाई जोशींच्या घरात आलेली, दुसरी जोशींच्या घरातून गेलेली, आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. नावावरून नोंदी जुळवणारा संगणक इथे हमखास फसतो. नाव बाजूला ठेवा आणि वडिलांचं नाव, गाव, साल ही तीन टोकं जुळवा. साल शकात असेल तर 78 मिळवा. पण लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर 79, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं.

कर्वे कुटुंबातच पुढचा पेचही आहे. रघुनाथ कर्वे हे पहिल्या पत्नी राधाबाईंचे पुत्र. दिनकर हे आनंदीबाईंचे. पुरुषी सांगाड्यात दोघे सख्खे भाऊ म्हणून शेजारी बसतात. जनुकांच्या हिशेबात ते सावत्र, म्हणजे वाटा निम्म्याचा नाही, पावाचा. (याच दिनकररावांच्या पत्नी इरावती कर्वे. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा 1953 चा ग्रंथ तुम्हाला पुढे वाचावाच लागणार आहे.)

"प्रथम पत्नी", "द्वितीय पत्नी" या शब्दांवरून डोळा नुसता पुढे सरकवू नका. दोघींचं माहेर आणि वडिलांचं नाव एकच असेल तर पहिली गेल्यावर धाकटी मेहुणी करून घेतलेली असते. मग त्या दोघींची मुलं बापाकडून सावत्र भावंडं आणि आईकडून मावस भावंडं. त्यांचा वाटा 1/4 अधिक 1/8, म्हणजे 3/8. सख्खेही नाहीत आणि नुसते सावत्रही नाहीत. कुलवृत्तांतात याला शब्द नाही, संगणकाच्या तक्त्यात रकाना नाही.

खरी गंमत साटेलोट्यात. तुमच्या वडिलांनी तुमच्या आईशी लग्न केलं आणि त्यांच्या बहिणीने तुमच्या आईच्या भावाशी. आता तुमची मामी हीच तुमची आत्या. तिची मुलगी तुमची मामेबहीणही आणि आतेबहीणही. महाराष्ट्रात बऱ्याच जातींत मुलाने मामाची मुलगी करणं चालतं, आत्याची मुलगी मात्र सहसा टाळतात. मग ही मुलगी चालेल की नाही? याचं उत्तर घराघरानुसार बदलतं, आणि ते ऐकणं हेच तुमचं संशोधन आहे. जनुकांचं उत्तर मात्र ठरलेलं. साध्या मामे-आते लग्नात मुलाचा अंतःप्रजनन गुणांक 1/16 येतो; साटेलोट्यातल्या दुहेरी भावंडांचं लग्न झालं तर 1/8, म्हणजे मामा-भाचीच्या लग्नाइतकाच.

हे नातं कुलवृत्तांतात एका जागी कधीच दिसत नाही. मुलाच्या नोंदीत सुनेचं माहेर एका पानावर, मुलीच्या नोंदीत जावयाचं आडनाव दुसऱ्या पानावर. दोन्ही आडनावं एकच दिसली की पेन्सिलने खूण करा.

आता दत्तक. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. "दत्तक" असा शेरा बहुतेक पुस्तकांत असतो, पण वंशवृक्षाच्या आकृतीत रेघ तीच, तशीच सरळ. पुतण्या दत्तक घेतला की सख्खे भाऊ कागदावर चुलत होतात. नवरा गेल्यावर विधवेने दत्तक घेतला तर आणखी विचित्र. बडोद्याचे खंडेराव गायकवाड 1870 मध्ये वारले. 1875 मध्ये त्यांच्या विधवा पत्नी जमनाबाईंनी कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला, तोच सयाजीराव. वंशावळीत तो खंडेरावांचा मुलगा, पण मुलगा झाला तेव्हा बाप पाच वर्षांपूर्वी गेलेला! हा राजघराण्याचा मामला म्हणून आपल्याला तारखा ठाऊक आहेत. एखाद्या खोताच्या किंवा भिक्षुकाच्या घरात हेच घडलं असेल तर तुमच्यासमोर फक्त न जुळणारी सालं येतील, आणि तुम्ही ती मुद्रणदोष समजून दुरुस्त करून टाकाल. करू नका.

कायद्याने हे दुहेरीपण ओळखलं आहे. 1956 च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यानुसार दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मकुटुंबाशी बंध तुटतात; तरी जन्मकुटुंबात राहून ज्यांच्याशी लग्न करता आलं नसतं, त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. वारसा एका वहीत, रक्त दुसऱ्या वहीत. कायद्याने दोन्ही वह्या उघड्या ठेवल्या. कुलवृत्तांताची आकृती एकच ठेवते. कोणाचा वारस कोण, हा त्या पुस्तकाचा मूळ प्रश्न आणि त्याचं उत्तर ते नेकीने देतं. आपण त्याला रक्ताचा प्रश्न विचारतो आणि उत्तर वारशाचं मिळतं, हे लक्षातच येत नाही. आता हीच पुस्तकं वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाताहेत आणि शेरे गळून नुसती रेघ उरते आहे. माझ्या मते मूळ पुस्तकापेक्षा ही नवी आवृत्ती जास्त धोक्याची.

म्हणून प्रत्येक मुलाला पालकांच्या दोन जोड्या द्या: जन्माच्या आणि कागदाच्या. बहुतेक ठिकाणी त्या सारख्याच भरतील. माहीत नसेल तिथे जन्माची जोडी रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका. आणि झाडाऐवजी जाळं काढा. दोन रस्त्यांनी जोडलेली दोन माणसं झाडाच्या आकृतीत बसतच नाहीत.

मग घरातल्या आज्यांकडे जा. "तुमच्या घरात नात्यात लग्नं झालीत का?" असं विचारलंत तर अगदी प्रामाणिकपणे "नाही" असं उत्तर येईल, कारण मामाची मुलगी करणं हे त्यांच्या लेखी नात्यातलं लग्न नसतं, ती रीत असते. त्यापेक्षा "सासूबाईंना लग्नाआधी तुम्ही काय म्हणायचात?" असं विचारा. "आत्या" असं आलं की वहीत थांबा आणि पुढचा प्रश्न विचारा: "आणि सासरे तुमच्या आईला काय म्हणायचे?" पहिल्या बायकोचा किंवा दत्तकाचा विषय निघाला आणि आजी गप्प झाल्या तर पेन खाली ठेवा. ती नोंद घ्यायची की नाही हे त्या सांगतील, आणि त्या नको म्हणाल्या तर तो रकाना रिकामाच ठेवायचा.