शब्दार्थाची वही आणि शब्दाचा व्यवहार

मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याचे सर्वमान्य साधन म्हणजे शब्दार्थाची वही. पानाच्या डाव्या अंगास इंग्रजी शब्द, उजव्या अंगास मराठी प्रतिशब्द, मध्ये उभी रेघ. हा जुन्या कोशपरंपरेचा वारसा आहे असे म्हणणे कोशकारांवर अन्याय करणारे ठरेल. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व टॉमस कँडी यांनी पूर्णत्वास नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकेका शब्दापुढे अनेक प्रतिशब्द आढळतात. वहीत त्यांतील एकच उतरतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने निदान शब्द वाक्यात बसवून दाखविला होता. वहीने वाक्यही टाकून दिले.

रेघेच्या दोन्ही बाजूंचे वजन सारखे असते, हे या पद्धतीचे गृहीतक होय. ते किती लंगडे आहे हे समजण्यास 'लागणे' हे एकच क्रियापद पुरे. भूक लागते, वेळ लागतो, ठेच लागते. कपाशीला बोंडे लागतात आणि बोंडांना अळीही लागते. इंग्रजीत या सर्वांना पुरून उरेल असे एकही क्रियापद नाही. तथापि असल्या चुकांनी फार तर वाक्य विचित्र होते. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही.

वहीत 'मेडिसिन' या शब्दापुढे 'औषध' असते. शेतात कपाशीवर जे फवारतात त्यालाही 'औषध'च म्हणतात. त्या औषधाच्या डब्यावर मात्र इंग्रजीत 'पॉयझन', 'डेंजर' अथवा 'कॉशन' यांपैकी एक शब्द छापलेला असतो. वहीप्रमाणे त्यांचे अर्थ विष, धोका आणि सावधगिरी. तिन्ही प्रतिशब्द बरोबर आहेत, आणि तिन्ही निरुपयोगी आहेत. कारण १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हे शब्द विषारीपणाची उतरंड दाखवितात : लाल व पिवळ्या त्रिकोणाबरोबर 'पॉयझन', निळ्याबरोबर 'डेंजर', हिरव्याबरोबर 'कॉशन'. येथे 'डेंजर'चा अर्थ त्याच्या वर काय आहे व खाली काय आहे यावरून ठरतो. 'डेंजर' म्हणजे धोका एवढेच पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ही पायरी मधली आहे हे कळण्याचा मार्ग नाही. आणि हिरव्या त्रिकोणाचा द्रव निर्धोक आहे, असा उलटा समजही त्याने करून घेतला तर नवल नाही.

२०१७ च्या खरीप हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधित झाले, काही मृत्युमुखी पडले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. तो भाषेच्या अज्ञानाने घडला असे म्हणणे उथळपणाचे होईल. डब्यावर प्रादेशिक भाषेतही मजकूर असावा असा नियम आहेच. परंतु इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकलेला मुलगा घरातील डब्यावरचा तो एक शब्द नीट उलगडून सांगू शकत नसेल, तर त्या अध्यापनाची झडती घेणे प्राप्त आहे.

यावर उपाय म्हणून वारंवारितेच्या याद्या पुढे केल्या जातात. मायकेल वेस्ट यांची १९५३ ची सुमारे २००० शब्दांची यादी त्यांत अग्रगण्य. शब्दाच्या प्रत्येक अर्थाचे प्रमाण तीत वेगळे दिलेले असल्याने ती वहीहून कितीतरी सरस ठरते. पण तिची मोजणी छापील इंग्रजीवरून झालेली. जे वारंवार छापले जाते तेच गरजेचे, हे घाटंजीच्या विद्यार्थ्याबाबत गृहीत धरता येत नाही. 'अँटिडोट' हा शब्द त्याला आयुष्यात एकदाच लागेल, आणि तेव्हा शोधत बसण्यास सवड नसेल.

लेबलाचे छायाचित्र वर्गात आणून चारही रंगांचे शब्द एकत्र शिकविता येतात. (रिकामा डबा आणू नये, हे सांगावेच लागते.) शब्दाचा शेजार दाखविला की प्रतिशब्दाची निकड बरीच कमी होते.

याची खरी कसोटी केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांतील कोलाम मुलांपाशी लागते. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. एमेनो यांनी १९५५ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या मुलाच्या वहीत रेघेच्या उजवीकडील शब्दही परकाच असतो. 'कॉशन' म्हणजे 'सावधगिरी' असे तो लिहून घेतो आणि 'सावधगिरी' म्हणजे काय, हे विचारण्यास वहीत तिसरा रकाना नसतो.